रिपोर्टमधले सीडी४, सीडी८, सीडी१९: पेशी ओळखणाऱ्या मोनोक्लोनल अँटिबॉडींबद्दल

पेशीवाचक (धागाकर्ता)

आपल्या मंचाच्या आरोग्य विभागात "वडिलांच्या सीडी४ पेशी कमी आल्यात", "सीडी१९ शून्य म्हणजे काय हो" असे प्रश्न अधूनमधून येतात. उत्तरं मनापासून दिली जातात, पण बहुतेक जण सीडी४ ही एक जातीची पेशी आहे असं गृहीत धरून बोलतात. सीडी४ हा पेशीच्या पृष्ठभागावरचा रेणू आहे, आणि तो एकापेक्षा जास्त जातींच्या पेशींवर असतो. एवढी एक गोष्ट पक्की झाली तरी रिपोर्ट वाचताना होणारे निम्मे घोळ टळतील, म्हणून हा धागा.

सुरुवात मायक्रोस्कोपपासून करतो. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून लीशमन स्टेन लावला की न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, मोनोसाइट वेगवेगळे दिसतात. लिम्फोसाइट (टी, बी वगैरे प्रकारच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) मात्र सगळ्या सारख्याच: गोल गडद केंद्रक आणि भोवती निळसर कड. त्यातली टी-पेशी कोणती आणि बी-पेशी कोणती, हे कितीही अनुभवी डोळ्याला सांगता येत नाही. टी-पेशींच्या आतही मदतनीस आणि मारक असे गट आहेत, ते तर दिसण्याचा प्रश्नच नाही.

१९७०च्या दशकात यावर ज्या युक्त्या होत्या त्या अपुऱ्या होत्या. मेंढीच्या लाल पेशी माणसाच्या लिम्फोसाइटबरोबर ठेवल्या की त्या टी-पेशींना चिकटून फुलासारखा घोस तयार होतो, ती फुलं मोजायची. बी-पेशींच्या पृष्ठभागावर इम्युनोग्लोब्युलिन असतं, ते शोधायचं. याशिवाय सशाला माणसाच्या पेशी टोचून त्याचं सीरम काढायचं. पण त्या सीरममध्ये शेकडो प्रकारच्या अँटिबॉडी (ठरावीक रेणूला चिकटणारी प्रथिनं) एकत्र असत. नको त्या काढून टाकण्यासाठी ते इतर पेशींबरोबर पुन्हा पुन्हा मुरवावं लागे. दोन सशांचं सीरम कधी सारखं नसे, आणि ससा गेला की ते सीरमही संपलं.

केंब्रिजमध्ये जॉर्जेस क्योलर आणि सेझार मिलस्टीन यांनी १९७५ साली हा प्रश्न मुळातून सोडवला. अँटिबॉडी बनवणारी प्रत्येक बी-पेशी एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवते, पण ती प्रयोगशाळेत फार काळ जगत नाही. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातली पेशी मात्र अमर असते. उंदराच्या प्लीहेतल्या पेशी आणि मायलोमाच्या पेशी त्यांनी एकमेकींत विलीन केल्या. विलीन न झालेल्या मायलोमा पेशी मरतील असं हॅट नावाचं माध्यम वापरलं, कारण त्या मायलोमात एक एन्झाइम नव्हतं आणि त्या माध्यमात त्यावाचून तिला जगता येत नाही. प्लीहेतल्या सुट्या पेशी आपोआप मरतात. उरतात त्या फक्त संकरित. त्यातली एकेक पेशी वेगळी वाढवली की प्रत्येक वंशातून एकच अँटिबॉडी मिळते, हवी तितकी, हवी तितकी वर्षं. हीच मोनोक्लोनल अँटिबॉडी. त्या पहिल्या प्रयोगातही उंदराला टोचल्या होत्या त्या मेंढीच्याच लाल पेशी. दोघांना १९८४ साली नील्स येर्ने यांच्यासोबत नोबेल मिळालं. या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं नाही, आणि मला वाटतं की पुढच्या दहा वर्षांत ती जगभर इतकी झपाट्याने पसरली त्याचं हेही एक मोठं कारण होतं.

मग माणसाच्या पेशींकडे मोर्चा वळला. १९७९-८० मध्ये अमेरिकेत पॅट्रिक कुंग, गिडियन गोल्डस्टीन, एलिस राइनहर्झ आणि स्टुअर्ट श्लॉसमन यांच्या कामातून ओकेटी३, ओकेटी४, ओकेटी८ या अँटिबॉडी पुढे आल्या. ओकेटी३ जवळजवळ सगळ्या प्रौढ टी-पेशींना चिकटते, ओकेटी४ मदतनीस गटाला, ओकेटी८ मारक गटाला. एरवी हुबेहूब दिसणाऱ्या पेशी इतक्या नेमकेपणाने वेगळ्या काढता आल्या.

लगेच दुसरा गोंधळ सुरू झाला. प्रत्येक प्रयोगशाळा आणि कंपनी आपल्या अँटिबॉडीला आपलं नाव देऊ लागली. एकीची ओकेटी४, दुसरीची ल्यू-३, तिसरीची टी४. एकाच गावाला तीन एसटी डेपोंनी तीन वेगळ्या पाट्या लावाव्यात तसं झालं. १९८२ साली पॅरिसमध्ये लॉरन्स बूमसेल आणि अलाँ बर्नार यांनी यासाठी आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरवली. पद्धत मला फार आवडते. अँटिबॉडींवरची मूळ नावं काढून फक्त सांकेतिक क्रमांक ठेवायचे, त्या अनेक प्रयोगशाळांना पाठवायच्या, प्रत्येकीने त्याच त्या प्रकारच्या पेशींवर तपासायच्या, आणि कोणत्या अँटिबॉडी एकसारख्या वागतात ते संख्याशास्त्राने पाहायचं. ज्यांचं वागणं जुळतं त्यांचा एक गट, त्या गटाला एक सीडी (क्लस्टर ऑफ डिफरन्सिएशन) क्रमांक. म्हणून ओकेटी४, ल्यू-३, टी४ या तिघींचं लक्ष्य सीडी४ ठरलं. आज हे क्रमांक ३७०च्या पुढे गेले आहेत.

राहिलं यंत्र. स्टॅनफर्डला लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत फ्लो सायटोमीटर (थोडक्यात फ्लो) आकाराला आला. १९७६-७७ मध्ये ते स्वतः मिलस्टीन यांच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिले होते, त्यामुळे ही दोन तंत्रं लवकर एकत्र आली. अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडायचा, ती पेशींना लावायची, आणि पेशी एकामागोमाग एक लेसरसमोरून सोडायच्या. सेकंदाला हजारो पेशी जातात. प्रत्येक पेशीचा आकार, आतला दाणेदारपणा आणि तिच्यावर कोणता रंग किती चमकला हे नोंदलं जातं.

आता मूळ मुद्दा. सीडी४ मदतनीस टी-पेशींवर भरपूर असतो, पण मोनोसाइटवरही कमी प्रमाणात असतो. सीडी८ मारक टी-पेशींवर ठळक, तर काही एनके पेशींवर (लिम्फोसाइटचा तिसरा प्रकार) फिकट. सीडी५६ एनके पेशींची खूण म्हणतात, पण काही टी-पेशींवरही सापडतो. म्हणून "सीडी४ पॉझिटिव्ह" एवढ्याने काही ठरत नाही. मदतनीस टी-पेशी म्हणजे सीडी३ आहे आणि सीडी४ आहे. एनके म्हणजे सीडी३ नाही, पण सीडी५६ किंवा सीडी१६ आहे. बी-पेशी म्हणजे सीडी३ नाही, सीडी१९ आहे. "नाही" हा शब्द इथे "आहे" इतकाच महत्त्वाचा आहे.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देतो.

अबोली

फार दिवसांनी इतका सविस्तर धागा वाचला, आभार. एक शंका. माझ्या मामांच्या रिपोर्टमध्ये सीडी४चा आकडा दोन प्रकारे आहे, एक "प्रति मायक्रोलिटर" आणि एक टक्क्यांत. मागच्या वेळेपेक्षा पहिला आकडा बराच खाली आहे, टक्के मात्र जवळजवळ तेवढेच. घाबरायचं का?

पेशीवाचक

अबोली, टक्केवारी म्हणजे शंभर लिम्फोसाइटपैकी किती. प्रति मायक्रोलिटर आकडा त्या दिवशी रक्तात एकूण लिम्फोसाइट किती होत्या यावरही अवलंबून असतो. साधा ताप, स्टिरॉइडच्या गोळ्या, एवढंच काय दिवसाची वेळसुद्धा त्यावर परिणाम करते. सकाळी आकडा कमी आणि संध्याकाळी जास्त असतो. म्हणून टक्के स्थिर आणि आकडा खाली असेल तर डॉक्टर बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात. मामांना पुढच्या वेळी साधारण त्याच वेळेला, त्याच प्रयोगशाळेत रक्त द्यायला सांगा. एचआयव्हीमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी टक्केवारीच धरत, कारण लहानपणी लिम्फोसाइटची एकूण संख्याच खूप जास्त असते आणि वयाबरोबर ती उतरत जाते.

मुळाकाठ

मी बरीच वर्षं सीडी४ मोजणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त आहे. या तपासणीचं एचआयव्हीशी असलेलं नातं धाग्यात यायलाच हवं, म्हणून लिहितो.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांबद्दल एक छोटी नोंद आली. त्यांना एक विरळा न्यूमोनिया झाला होता. मायकेल गॉटलीब आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या टी-पेशी या नव्या अँटिबॉडींनी मोजल्या, तेव्हा मदतनीस गट जवळजवळ नाहीसाच झालेला दिसला. विषाणू सापडायला अजून दोन वर्षं होती. म्हणजे कारण कळायच्या आधी, नेमकं काय नष्ट होतंय हे या अँटिबॉडींनी दाखवलं. दोन-तीन वर्षं आधी हीच माणसं दवाखान्यात आली असती तर डॉक्टरांना "लिम्फोसाइट कमी" यापलीकडे फारसं काही सांगता आलं नसतं.

१९८४ मध्ये लंडन आणि पॅरिसच्या गटांनी दाखवलं की सीडी४वर बसणाऱ्या काही अँटिबॉडी आधी लावल्या तर विषाणूला पेशीत शिरता येत नाही. खूण म्हणून शोधलेला रेणू विषाणूचं दार निघाला.

आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून नॅकोने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने) मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू केली. तेव्हा औषध सुरू करायचं की नाही हे सीडी४च्या आकड्यावर ठरायचं. आधी २००, मग ३५०, मग ५००, आणि २०१७ पासून आकडा न पाहता सगळ्यांना. त्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या टेबलावरचा आकडा म्हणजे कोणाचं औषध आज सुरू होणार आणि कोणाला थांबावं लागणार याचा निकाल असे. २०५ आणि १९५ मधला फरक यंत्राच्या नेहमीच्या चढउतारात बसतो हे आम्हाला माहीत होतं. म्हणून काठावरचा नमुना मी नेहमी पुन्हा लावायचो.

आणखी एक, कारण ही चूक आजही होते. सीडी४चं रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात आणि ते फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं, खोलीच्या तापमानाला ठेवायचं असतं. उन्हाळ्यात तालुक्याच्या गावाहून गरम डब्यात आलेली किंवा कोणी काळजीपोटी बर्फात घालून पाठवलेली ट्यूब, दोन्ही वाया. मेलेल्या पेशींना कोणतीही अँटिबॉडी चिकटते, मग प्रत्यक्षात नसलेल्या पेशीही यंत्राला दिसतात.

निळी_शाई

वाचून छान वाटलं, पण एक विचारतो. आता एकेका पेशीचा आरएनए वाचता येतो. हजारो जनुकं एकदम कळतात. मग पाच-दहा अँटिबॉडींचा हा जुना खटाटोप अजून कशाला? हे तंत्र पुढच्या काही वर्षांत बाद होईल असं मला वाटतं.

पेशीवाचक

निळी_शाई, संशोधनात आरएनए वाचनाने फार मोठं काम केलंय. तरी बाद होईल हे पटत नाही, आणि कारणं ठोस आहेत.

आरएनए म्हणजे प्रथिन नव्हे. सीडी४चंच उदाहरण घ्या. पेशीवर सीडी४ स्वच्छ दिसत असतो, पण त्याचा आरएनए इतका थोडा असतो की एकेका पेशीच्या वाचनात तो कित्येकदा सापडतच नाही. दुसरं उदाहरण सीडी४५आरए आणि सीडी४५आरओ. नव्या आणि अनुभवी टी-पेशी वेगळ्या करायला हे दोन लागतात. दोन्ही एकाच जनुकापासून बनतात, फक्त आरएनएची जुळणी वेगळी होते. आरएनएचं फक्त शेपूट वाचणाऱ्या नेहमीच्या पद्धतीला हा फरक दिसत नाही, अँटिबॉडीला लगेच दिसतो. १९९९ साली फेडेरिका सालुस्तो, अँटोनियो लान्झावेकिया आणि सहकाऱ्यांनी सीडी४५आरएच्या जोडीला सीसीआर७ ही दुसरी खूण लावून स्मृती (म्हणजे अनुभवी) टी-पेशींचे दोन वेगळे गट दाखवले: एक लसिकाग्रंथींकडे परतणारा, दुसरा ऊतींमध्ये जाऊन लगेच कामाला लागणारा. लसींच्या अभ्यासात आजही तीच चौकट वापरतात.

खुद्द आरएनएवाल्यांनीच २०१७ मध्ये अँटिबॉडीला डीएनएची चिठ्ठी जोडून दोन्ही एकत्र वाचायची पद्धत काढली, कारण त्यांनाही पृष्ठभाग हवा होता. शिवाय फ्लोमधून वेगळी केलेली पेशी जिवंत राहते. ती वाढवता येते, रुग्णाला देता येते. आरएनए वाचायचा तर सहसा पेशी फोडावी लागते.

निळी_शाई

सीडी४५चं उदाहरण पटलं. ही बाजू माहीत नव्हती.

कृष्णकमळ

मी रक्तविकारशास्त्रात पदव्युत्तर शिकतेय, रोज फ्लोचे प्लॉट पाहते. ल्युकेमियाची बाजू मांडते.

ल्युकेमियात प्रश्न उलटा असतो. पेशी कोणत्या जातीची आहे हे तर पाहायचंच, पण तिच्यावरच्या खुणांचा मेळ बिघडलाय का हे जास्त पाहायचं. बी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियात सीडी१९, सीडी१०, सीडी३४ असतात. मज्जेतल्या कोवळ्या निरोगी बी-पेशींवरही हेच असतात! फरक प्रमाणात आहे: एखादी खूण नको तितकी ठळक, एखादी फिकट, एखादी चुकीच्या वयात. उपचारांनंतर उरलेला आजार शोधताना आम्ही दहा हजारांत एक पेशी, म्हणजे ०.०१ टक्के, या पातळीवर पाहतो. तिथे एका अँटिबॉडीच्या जोरावर कोणी निदान करत नाही.

आता एक नवीन अडचण. टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबईच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी सीडी१९ ओळखायला शिकवून परत देतात. मोठी गोष्ट आहे, आणि आपल्याकडे झाली याचा मला अभिमान आहे. पण अशा उपचारांनंतर काही रुग्णांत आजार परततो तो सीडी१९ टाकून. आता आमची सगळी पद्धत "आधी सीडी१९ असलेल्या पेशी निवडा, मग त्यांच्यात शोधा" अशी असेल, तर नेमकी तीच पेशी निवडीतून निसटते. म्हणून अशा रुग्णांसाठी सीडी२२, सीडी२४ घेऊन वेगळं पॅनेल (अँटिबॉडींचा संच) लावावं लागतं.

तांबडीमाती

पण मोनोक्लोनल म्हटल्यावर अचूकच असणार ना? एकच अँटिबॉडी, एकच लक्ष्य. ससा-सीरमसारखी भेसळ नाही. मग चुकायला वाव कुठे?

पेशीवाचक

तांबडीमाती, अँटिबॉडी चुकत नाही, पण ती अख्खा रेणू ओळखत नाही. रेणूवरचा एक छोटासा तुकडा ओळखते. तो तुकडा बदललेला असेल किंवा झाकलेला असेल तर रेणू असूनही अँटिबॉडी बसत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण खुद्द ओकेटी४ आहे. काही माणसांच्या, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या काहींच्या, सीडी४ रेणूत जन्मतः एक बारीकसा फरक असतो. रेणू काम व्यवस्थित करतो, माणूस निरोगी असतो, पण ओकेटी४ त्याला चिकटत नाही. फक्त ती एकच अँटिबॉडी वापरली तर या निरोगी माणसाच्या मदतनीस पेशी शून्य आहेत असा निकाल येईल. ल्यू-३ लावली की सगळ्या दिसतात, कारण ती दुसऱ्या तुकड्यावर बसते. म्हणूनच बाटलीवर सीडी४ या क्रमांकासोबत क्लोनचं, म्हणजे ती अँटिबॉडी ज्या पेशीवंशातून आली त्याचं, नाव छापलेलं असतं, आणि ते नाव रिपोर्टमध्येही यावं असं माझं ठाम मत आहे.

कृष्णकमळ

रिपोर्टमध्ये क्लोन छापण्याबद्दल असहमत. घरच्यांना त्याचा उपयोग नाही, उलट आणखी एक अगम्य अक्षरांची ओळ वाढेल. प्रयोगशाळेच्या नोंदीत असावं, मागितल्यावर मिळावं, एवढं पुरे.

पेशीवाचक

घरच्यांसाठी नाही, पुढच्या डॉक्टरसाठी. रुग्ण कोल्हापूरहून मुंबईला येतो तेव्हा त्याच्या हातात रिपोर्टच असतो, प्रयोगशाळेची नोंदवही नसते.

शेवंती_२१

धागा थोडा वेगळीकडे नेते, माफ करा. माझ्या बहिणीचं बाळ पाच महिन्यांचं आहे. दोनदा न्यूमोनिया झाला, तोंडात पांढरी बुरशी सतत येते, वजन वाढत नाही. आमच्या गावच्या डॉक्टरांनी "लिम्फोसाइट सबसेट" तपासणी सांगितली आहे. ही तीच का? आणि खरंच गरज आहे का? बाळाचं रक्त पुन्हा पुन्हा काढायला जीव होत नाही.

कृष्णकमळ

ताई, हो, तीच. आणि तुमच्या डॉक्टरांनी फार योग्य वेळी विचार केलाय. पुढे ढकलू नका. काही बाळांत जन्मतःच टी-पेशी बनत नाहीत. अशा बाळांना तुम्ही लिहिलीत तशीच लक्षणं दिसतात. असेलच असं मुळीच नाही, पण लवकर कळलं तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने मूल वाचू शकतं, म्हणून तपासणी हवीच. सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी१९, सीडी१६ आणि सीडी५६ या खुणा पाहतात. टी नाहीत पण बी आहेत, की दोन्ही नाहीत, एनके आहेत की नाहीत, यावरून कोणत्या जनुकाकडे पाहायचं तेही सुचतं. रक्त थोडंसंच लागतं.

दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून विचारा. एक, निकाल बाळाच्या वयाच्या प्रमाणांशी ताडला आहे ना? मोठ्यांमध्ये जो लिम्फोसाइटचा आकडा ठीक मानतात तो पाच महिन्यांच्या बाळात चिंताजनक असू शकतो. दोन, निकाल येईपर्यंत जिवंत जंतूंच्या लसी द्यायच्या की थांबायचं? आपल्याकडे बीसीजी जन्मतःच देतात, म्हणून टोचल्या जागी किंवा काखेत गाठ असेल तर तेही सांगा. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे, तिथे अशा आजारांचं निदान होतं. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जा.

मुळाकाठ

शेवंतीताई, बाळाची नाळ उशिरा पडली होती का, हेही आठवून सांगा. नाळ बरीच उशिरा पडणं, पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या आणि तरी जखमेत पू नाही, असं असेल तर न्यूट्रोफिलवरचा सीडी१८ पाहतात. तो नसेल तर पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीतून बाहेर पडून संसर्गापर्यंत पोचता येत नाही. तीही फ्लोवरचीच तपासणी आहे, त्याच नमुन्यातून होऊ शकते.

शेवंती_२१

नाळ दहाव्या दिवशी पडली होती. काखेत गाठ नाही. परवा केईएमला जातोय, बहिणीला तुमचे दोन्ही प्रश्न लिहून दिलेत. खूप आभार.

मुळाकाठ

नाळेचं ठीक आहे. नमुना सकाळी लवकर द्या आणि शनिवार टाळा. रविवारी तपासणी होत नसेल तर ट्यूब उगाच पडून राहते.

निळी_शाई

एक शेवटची शंका. माझ्या आईला लिम्फोमासाठी रिटुक्सिमॅब दिलं होतं. ती पण मोनोक्लोनल अँटिबॉडीच. मग औषधातली आणि तपासणीतली एकमेकींच्या आड येत नाहीत का?

कृष्णकमळ

येतात. रिटुक्सिमॅब सीडी२०वर बसतं. हा रेणू आधी अशाच एका तपासणीच्या अँटिबॉडीने शोधला गेला होता, तेव्हा त्याला बी१ म्हणत. औषध १९९७ मध्ये आलं. औषध दिल्यावर बी-पेशी बहुतेक नाहीशा होतात आणि उरलेल्यांवरचा सीडी२० औषधाने झाकलेला असतो. म्हणून आईंच्या बी-पेशी मोजायच्या तर सीडी१९ पाहतात, सीडी२० नाही. मायलोमासाठी दाराटुमुमॅब घेतलेल्यांमध्ये सीडी३८चं असंच होतं, आणि सीडी१९वरचे उपचार झालेल्यांचं वर लिहिलंच आहे.

त्यामुळे फ्लोच्या फॉर्मवर आधीच्या उपचारांची जागा रिकामी सोडू नका. औषधाचं नाव आणि शेवटचा डोस कधी झाला ते लिहा. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक फॉर्मवर तिथे फक्त "केमो" एवढंच असतं आणि मग आम्ही वॉर्डला फोन करत बसतो. पेशीवाचक, तुमच्या क्लोनच्या नावाआधी ही ओळ रिपोर्टमध्ये छापायला मी तयार आहे.

पेशीवाचक

दोन्ही छापूया. आईंच्या पुढच्या फॉर्मवर रिटुक्सिमॅबची तारीख नक्की लिहा, निळी_शाई.